आधी वाळवा, मग नटवा
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

सहामाही परीक्षा आटोपत आली की पोरांची नजर अंगणातल्या खेळघराकडे वळते आणि चार महिने पावसात भिजलेल्या त्या घराची दशा मोठ्यांच्याही ध्यानात येते. दिवाळीपर्यंत ते नटवायचं कसं, अशी बरीच पत्रं या वेळी आली. त्यातली काही निवडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : नातवंडांसाठी सुताराकडून करून घेतलेलं प्लायवूडचं खेळघर आमच्या अंगणात आहे. जमिनीवर चार बाय चार फूट, भिंती चार फूट उंच, वर दोन्हीकडे उतार असलेलं प्लायचंच छप्पर. चार पावसाळे त्यानं काढले. यंदा खालच्या बाजूनं प्लाय फुगलाय आणि रंगाला फोड आलेत. वसुबारसेला लेक पोरांना घेऊन माहेरी येतेय, तोवर घर नवंकोरं दिसायला हवं. रंग किती लागेल आणि मारायचा कसा?
— एक आजोबा, रुईकर कॉलनी

उत्तर : रंगाचा डबा आणायची घाई करू नका. आधी घर वाळलंय का ते बघा. प्लायवरून हात फिरवला तर कोरडा लागतो, पण आत ओल दबा धरून असते. फोड येतात ते त्या ओलीमुळे. ऊन पडलं की आतल्या पाण्याची वाफ बाहेर पडायला बघते, वरचा ऑइलपेंटचा थर तिला वाट देत नाही आणि रंग फुगून सुटतो. त्यावरच नवा हात मारलात तर लक्ष्मीपूजनापर्यंत पुन्हा फोड येतील.

ओल तपासायची सोपी युक्ती अशी. फूटभर लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा संध्याकाळी भिंतीवर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बंद करा. सकाळी आतल्या बाजूला दमटपणा किंवा थेंब दिसले तर घर अजून रंगाला तयार नाही. ही तपासणी तळापासून सहा इंचांवर करा, कारण वरचा भाग नेहमीच आधी वाळतो. वाळवण्यासाठी घर चार कोपऱ्यांवर विटा घालून उचला, दार-खिडक्या सताड उघड्या ठेवा, आतली चटई, खेळणी, जुने गालिचे बाहेर काढा. ऑक्टोबरचं कडक ऊन मिळालं तर चार-पाच दिवसांत काम होतं. परतीचा पाऊस आला तर वरून ताडपत्री टाका, पण ती भिंतींना चिकटू देऊ नका. छपरावर दोन काठ्या आडव्या ठेवून त्यांवर ताणा, म्हणजे खालून वारा खेळता राहील.

आता फुगलेला भाग. स्क्रूड्रायव्हरचं टोक तिथं दाबून बघा. जेमतेम ओरखडा उठला तर घासून, भरून भागेल. टोक लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर तो प्लाय मेला. त्यावर काहीही थापलं तरी उपयोग नाही. तळापासून जिथवर मऊ लागतं त्याच्या वर दोन इंच सरळ रेघ मारा आणि तेवढी पट्टी चारही बाजूंनी कापून काढा. आतून दोन इंच रुंद आणि २० मि.मी. जाड लाकडी रीप अशी बसवा की तिचा निम्मा भाग जुन्या प्लायमागे राहील आणि निम्मा खाली उघडा. त्या उघड्या भागावर नवी पट्टी पाण्याला टिकणाऱ्या गोंदानं चिकटवा आणि २५ मि.मी.च्या स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंनी दर सहा इंचांवर आवळा. काळे जिप्सम-स्क्रू स्वस्त पडतात, पण उघड्यावर एका पावसाळ्यात गंजतात आणि रंगातून तांबडे ओघळ उतरतात. नवा तुकडा आयएस ७१० शिक्क्याचाच, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय घ्या. एम.आर. (नुसता दमटपणा सोसणाऱ्या) शिक्क्याचा प्लाय घरातल्या कपाटासाठी ठीक, अंगणात तो तग धरत नाही.

प्लाय नेहमी तळाकडूनच का सडतो? कापलेल्या कडेला लाकडाच्या नळ्या उघड्या पडतात आणि त्या वातीसारखं पाणी वर ओढतात. सुतारानं बाहेरचा पृष्ठभाग छान रंगवलेला असतो, पण खालची कड कोरीच राहते, कारण घर उभं असताना ती दिसत नाही. या वेळी घर आडवं करा आणि त्या कडेला अस्तराचे (प्रायमरचे) तीन हात द्या, एक मुरला की दुसरा. नंतर घर पुन्हा मातीवर टेकवू नका. चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे पाच जांभ्याचे चिरे किंवा विटा घालून तळ जमिनीपासून निदान दोन-तीन इंच वर ठेवा. घर डुगडुगता कामा नये. डुगडुगलं तर चिऱ्याखालची माती खरवडा, वर लाकडाची चिपाटी सारू नका. ती पहिल्याच दंग्यात निसटते.

घासताना एक सावधानी बाळगा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण १० लाखांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमचं घर चार वर्षांचं आहे, त्यामुळे फारशी धास्ती नको. पण सुतारानं जुनं दार किंवा जुनी फळी वापरली असेल, तर तिच्यावरचा रंग कोरडा घासू नका. पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून घासा, निघालेला राडा फडक्यानं टिपून घ्या, पोरांना तिथं फिरकू देऊ नका. बाकी भिंतींना आधी ८० नंबर, मग १२० नंबर. सुटलेला रंग पूर्ण काढायचा, घट्ट बसलेला नुसता खरखरीत करायचा. खड्डे भरायला लाकडाची लांबी (खाचा बुजवायचा लगदा) किंवा वुड फिलर घ्या. घर रंगवून उरलेली सिमेंटची पांढरी वॉल पुट्टी इथं वापरू नका. प्लाय ऊन-पावसात फुगतो आणि आकसतो, पुट्टी तशी हलत नाही आणि खपलीसारखी सुटते.

रंगाचा हिशेब असा. चार भिंती आणि वरचे दोन त्रिकोण मिळून ७० चौरस फूट, दार-खिडक्यांची भोकं वजा केली तरी झडपा रंगवायच्याच आहेत, म्हणून ६५ धरा. छपराचे दोन उतार प्रत्येकी पाच बाय तीन, म्हणजे ३०. एकूण ९५. एक लिटर ऑइलपेंट एका हाताला साधारण १०० चौरस फूट जातो. म्हणजे लाकडाचं अस्तर एक लिटर, भिंतींच्या दोन हातांसाठी दीड लिटर आणि छपरासाठी वेगळा रंग असेल तर ६०० मि.लि., म्हणजे ५०० चा एक डबा आणि १०० चा एक. आतूनही रंगवायचं असेल तर भिंतींचं माप तेवढंच पुन्हा धरा. आतून मात्र पाण्यातला एनॅमल घ्या. चार फुटांच्या बंद खोलीत टर्पेंटाइनचा वास आठवडाभर रेंगाळतो.

अस्तर आज, पहिला हात उद्या, दुसरा परवा. दोन हातांच्या मध्ये २२० नंबरचा पेपर हलकेच फिरवून ओल्या फडक्यानं पुसून घ्या. रंगात टर्पेंटाइन दहा टक्क्यांवर नको. पातळ रंग लवकर पसरतो खरा, पण कडांवरून ओघळतो, आणि कडांनाच तर त्याची गरज असते. सकाळचं दव सुकल्यावर नऊच्या पुढे सुरू करा आणि दुपारी दोनला ब्रश धुऊन ठेवा. चारनंतर मारलेल्या रंगावर रात्री दव पडतं आणि सकाळी त्याची चकाकी गेलेली असते. पुष्कळ लोक मग दुकानदाराला दोष देतात.

शेवटचा हात सुकल्यावर पाच ते सात दिवस पोरांना आत राहू देऊ नका. वाळवणीचे पाच, दुरुस्तीचे दोन, रंगाचे तीन, मुरण्याचे पाच मिळून पंधरा दिवस होतात. वसुबारसेपासून उलटे मोजा.

प्रश्न : आमचं खेळघर फॅब्रिकेटरकडून करून घेतलं आहे, लोखंडी अँगल आणि पांढरा चकचकीत पत्रा. गेल्या दिवाळीला ऑइलपेंट मारला, संक्रांतीला केळीच्या सालीसारखा सोलून निघाला. रंग चांगल्या कंपनीचा होता.
— एक वाचक, उचगाव

उत्तर : रंग चांगलाच असेल. पण पत्र्यावर जस्ताचा मुलामा आहे, आणि ऑइलपेंटमधलं तेल जस्ताशी संयोग पावून मधोमध साबणासारखा थर तयार करतं. त्या थरावर रंग टिकत नाही, पापुद्रे निघतात. रेड ऑक्साइड अस्तरही तिथं टिकत नाही. ते अँगलसाठी ठेवा.

निघेल तेवढा रंग पत्र्याच्या पट्टीनं खरवडा, कपड्याच्या साबणानं घासून धुवा, वाळल्यावर जस्ताच्या पत्र्यासाठीचं एच (etch) प्रायमर किंवा वॉश प्रायमर पातळ मारा आणि त्यावर डब्यावर ‘गॅल्व्हनाइज्ड पत्र्यासाठी’ असं लिहिलेला पाण्यातला ॲक्रिलिक रंग. दुकानदार झिंक क्रोमेट सुचवतील. ते विषारी आहे, पोरांच्या घराला नको.

पत्र्याच्या उघड्या कडा बोटांनी चाचपून बघा. जिथं धार लागते तिथं जुनी रबरी पाण्याची नळी उभी चिरून कडेवर चढवा आणि दर फुटावर तारेनं बांधा. दिवाळीची रोषणाई याच्यापुढे दुय्यम आहे.

प्रश्न : बाजारातून आणलेलं प्लास्टिकचं खेळघर उन्हानं फिकं पडलंय. स्प्रे पेंट मारला तर चालेल का?
— एक आई, नागाळा पार्क

उत्तर : नाही. ही घरं बहुधा पॉलिथिनची किंवा पॉलिप्रॉपिलीनची असतात. तळाला किंवा दाराच्या आतल्या बाजूला त्रिकोणात २, ४ किंवा ५ असा आकडा आहे का बघा. असेल तर त्यावर कुठलाच साधा रंग धरत नाही, नखानं सोलला जातो. आणि सोललेले पापुद्रे लहान पोरं तोंडात घालतात.

फिकेपणाचा निम्मा भाग वर साठलेल्या भुकटीचा असतो. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून मऊ ब्रशनं घासा, डागांवर खाण्याचा सोडा ओल्या फडक्यावर घेऊन रगडा. तारेचा काथा नको, त्यानं ओरखडे पडून मळ आणखी धरतो. मग नटवायचं ते कापडानं : छपरावर जुन्या नऊवारीचा पदर, दाराला खणाचा पडदा. खण सुती घ्या आणि दाराच्या चौकटीला चिकट वेल्क्रोच्या पट्ट्या लावून बसवा, म्हणजे ओढला की निघून येतो, गळ्याला फास बसत नाही. प्लास्टिक दाबल्यावर पांढरी रेघ उमटत असेल किंवा कोपरे तडकले असतील, तर ते घर उन्हानं ठिसूळ झालंय. ते सजवू नका, काढून टाका.

प्रश्न : पोराला खेळघरावर दिव्यांची माळ हवी आहे आणि खिडकीत पणत्या. लाकडी घराला चालतील का? एक्स्टेंशन बोर्ड घरात ठेवला तर?
— एक बाबा, राजारामपुरी

उत्तर : पणत्या घराच्या आत नकोत आणि खिडकीतही नकोत. प्लाय, ताजा ऑइलपेंट, पडदा, पताका, आणि आत पोरं : ही सगळी जळाऊ सामग्री एका पेटीत भरल्यासारखी आहे, आणि दार एकच. पणत्यांची ओळ घरापासून निदान चार फूट लांब, जमिनीवर, पालथ्या विटेवर लावा. वारा घराकडे वाहत असेल तर दुसऱ्या बाजूला. खिडकीत बॅटरीवरच्या पणत्या ठेवा, पण सेलचा कप्पा स्क्रूनं बंद होणारा बघूनच घ्या. बटणासारखे चपटे सेल पोरांनी गिळले तर अन्ननलिका काही तासांत भाजते.

२३० व्होल्टची बाजारातली माळ खेळघरावर चढवू नका. तिची वायर केसासारखी बारीक असते आणि खिळ्याला, पत्र्याला घासून उघडी पडते. त्याऐवजी १२ व्होल्टची एलईडी पट्टी घ्या, सिलिकॉनचा थर असलेली, आयपी ६५ दर्जाची, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न घेणारी. पहिल्या उत्तरात दिलेल्या मापाचं घर धरलं तर पुढच्या त्रिकोणाच्या दोन कडा सहा फूट आणि छपराच्या खालच्या दोन कडा दहा फूट. एकूण १६ फूट, म्हणजे पाच मीटरचं एक रीळ बरोबर पुरतं. मीटरला ६० बारीक दिवे असलेली साधी पट्टी मीटरमागे ४.८ वॅट खाते. पाच मीटरला २४ वॅट, १२ व्होल्टवर दोन ॲम्पियर. अडॅप्टर तीन ॲम्पियरचा घ्या. दोनचा घेतलात तर तो सतत पूर्ण भारावर तापत राहतो.

अडॅप्टर आणि एक्स्टेंशन बोर्ड दोन्ही घराच्या पडवीत, कोरड्या जागी, पोरांच्या हाताबाहेर. तिथून खेळघरापर्यंत फक्त १२ व्होल्टची वायर न्यायची. इथं लोक घरात पडलेली बेलची बारीक वायर जोडतात आणि मग ‘पट्टी डिम पेटते’ म्हणून तक्रार करतात. दहा मीटर अंतराला जाऊन-येऊन वीस मीटर तांबं होतं. बारीक वायरीत तीन-साडेतीन व्होल्ट वाटेतच जिरतात. एक चौरस मि.मी.ची दोन तारांची वायर घ्या, तोटा एका व्होल्टच्या आत राहतो.

पट्टीमागचा डिंक धुळीच्या प्लायवर दोन रात्रीही टिकत नाही. दर फुटाला प्लास्टिकची क्लिप मारा. पट्टी कापायची वेळ आली तर कात्रीची खूण असेल तिथंच कापा, ती दर तीन दिव्यांनंतर असते. कापलेल्या टोकावर सिलिकॉनचा एक थेंब द्या, नाहीतर दव आत शिरून शेवटचे तीन दिवे हिरवट पडून मरतात.

वायरची भानगडच नको असेल तर यूएसबीवरची पाच व्होल्टची माळ आणि १०,००० एमएएचची पॉवर बँक. अडीच वॅटची माळ त्यावर दहा तास तरी चालते, म्हणजे रोज दोन तास धरले तर धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत एकदा भरलेली पुरेल. पॉवर बँक उन्हात सोडू नका.

आणि मुख्य घराच्या बोर्डावर ३० मिलिॲम्पियरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण) आहे का, त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर ते पडतं का, हे दिवाळीच्या आधी बघून ठेवा. ते खेळघरासाठीच नव्हे, गीझरसाठीही लागतंच.

प्रश्न : खेळघराच्या दाराशी टांगायला छोटा आकाशकंदील पोरांकडून करून घ्यायचा आहे. बांबूच्या कामट्यांचा, जुन्या धाटणीचा. मापं सांगाल का?
— एक मामी, मंगळवार पेठ

उत्तर : जुन्या धाटणीचा कंदील म्हणजे सहा चौकोन आणि आठ त्रिकोण. २४ सारख्या लांबीच्या कामट्या लागतात. कामटी सहा इंची ठेवलीत तर समोरासमोरच्या चौकोनांमधलं अंतर साडेआठ इंच भरतं, खेळघराच्या दाराला तेवढं शोभतं. बांधायला दोन्ही टोकांना पाव-पाव इंच जास्त धरून प्रत्येक कामटी साडेसहा इंच कापा. एकूण तेरा फूट कामटी, तुटफूट धरून पंधरा आणा.

आधी चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधा. कोपऱ्यावर दोऱ्याचा फुलीचा विळखा घालून शेवटी फेविकॉलचा थेंब. चौकोन एकट्यानं तिरका होतो, घाबरू नका. मग एका चौकोनाचे चार कोपरे चार वेगळ्या चौकोनांच्या कोपऱ्यांना बांधा, त्या चौघांचे कोपरे शेजाऱ्याला आणि राहिलेला सहावा चौकोन खालून बांधा. प्रत्येक सांध्यात दोनच चौकोन भेटले पाहिजेत. शेवटची गाठ पडताच सांगाड्याला आकार येतो आणि मधल्या जागांत आठ त्रिकोण उमटतात. हा क्षण पोरांना दाखवायचाच. सांगाडा वेडावाकडा राहिला तर कुठली तरी कामटी कमी-जास्त आहे का ते बघा.

वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवा, हवा खेळते. उरलेल्या चार चौकोनांना आणि आठ त्रिकोणांना पतंगी कागद. कागद कडेला अर्धा इंच जास्त कापून कामटीवरून मागे वळवून चिकटवा. खळ घरीच करा : एक वाटी मैदा, सहा वाट्या पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईतो हलवत राहायचं. जुने लोक झुरळ लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत. पोरं चिकटवणार असतील तर अजिबात नको, चिमूटभर तुरटीवर भागतं. खळ दोन दिवसांत आंबते, तेवढीच करा. कागद चिकटवल्यावर बाहेरून पाण्याचा हलका फवारा मारून सावलीत वाळवला की सुरकुत्या निघून तो ढोलकीच्या चामड्यासारखा ताणला जातो. उन्हात वाळवला तर मधोमध फाटतो. आत एक वॅटपेक्षा मोठा दिवा नको.

प्रश्न : खेळघराला लागूनच दरवर्षी किल्ला करतो. यंदा लेकाला पन्हाळा करायचाय आणि खेळघरच धान्याचं कोठार करायचं म्हणतोय. खेळघराच्या भिंतीलाच टेकवून माती चढवली तर बांधकाम कमी होईल ना?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : पोराची कल्पना झकास आहे. पन्हाळ्यावरच्या अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठ्या आहेत, खेळघराची गंगा कोठी होऊ शकते. शिवाय २०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलेल्या १२ मराठा किल्ल्यांत पन्हाळाही आहे, तेव्हा शाळेत सांगायलाही विषय झाला. पण माती भिंतीला टेकवायची नाही. ओली माती आणि गोणपाट म्हणजे वाळवीला घातलेलं आवतण. ती मातीतून थेट प्लायमध्ये चढते, बाहेर रंग शाबूत राहतो आणि आत पोकळी होते. एक फूट मोकळी जागा सोडा. समोरून बघणाऱ्याला ती फट दिसत नाही.

तीन बाय चार फुटांचा, दोन फूट उंच किल्ला धरा. आत दगड-विटांचा ढिगारा, त्यावर चिखलात बुडवलेली तीन-चार बारदानं, आणि वर इंचभर मातीचा लेप. त्याला चार-पाच घमेली माती लागते. तांबडी माती तीन भाग आणि वाळू एक भाग. नदीकाठची काळी माती सोपी मिळते, पण वाळताना ती आकसते आणि तिसऱ्या दिवशी किल्ल्याला भेगा पडतात. काळीच असेल तर निम्मी वाळू मिसळा. माती आदल्या संध्याकाळी भिजवून ठेवा आणि बुरूज करताना डबा पालथा घालण्याऐवजी हातानं थापा. डब्याचा बुरूज पहिल्या फवाऱ्यातच सुटा होतो.

हिरवळीला अळीव. ५० ग्रॅम पुरतं. दाणे ओले झाले की बुळबुळीत होऊन एकमेकांना चिकटतात, म्हणून कोरडे असतानाच मूठभर बारीक मातीत मिसळून उतारांवर भुरभुरा. वाटा आणि माची मोकळी सोडा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड दिसतो, सहाव्या-सातव्या दिवशी इंचभर हिरवळ. लक्ष्मीपूजनाला हवी असेल तर सहा दिवस आधी पेरा. चिमण्या दाणे टिपतात, पहिले दोन दिवस ओलं फडकं झाका. पाणी फवाऱ्यानंच द्या, झारीनं बुरूज धुपतात.

गंगा कोठीच्या भिंतींना दगडाचा भास द्यायचा तर पूर्ण भिंत करड्या रंगाची, ती वाळल्यावर त्याहून गडद करडा रंग जुन्या स्पंजनं ठिपकत जा, आणि शेवटी सहा बाय दहा इंचांच्या चिऱ्यांच्या रेघा. वरच्या ओळीचा सांधा खालच्या चिऱ्याच्या मध्यावर यायला हवा. सांध्याखाली सांधा आला की भिंत फरशीसारखी दिसते.

तुळशीचं लग्न झालं की किल्ला मोडा आणि बारदानं उचला. तिथंच कुजायला ठेवली तर फूटभर मोकळ्या जागेचा काही उपयोग नाही.

प्रश्न : मुलीला खेळघरावर कोल्हापूरच्या न्यू पॅलेससारखा घड्याळाचा मनोरा हवाय. जमेल का?
— एक आई, ताराबाई पार्क

उत्तर : जमेल, हलका ठेवा. १८८४ च्या त्या राजवाड्याचा काळा घडीव दगड रंगानं आणता येतो, पण मनोरा वजनदार झाला तर छपराचा सांधा उघडतो. सहा मि.मी. प्लायच्या आठ पट्ट्या, प्रत्येक पाच इंच रुंद आणि १८ इंच उंच. अष्टकोन समोरासमोर बारा इंच भरतो. पट्ट्यांच्या उभ्या कडा साडेबावीस अंशांत तासाव्या लागतात. रंध्यावर हे अवघड वाटलं तर कडा सरळ ठेवा आणि आतून कापडी पट्टी गोंदानं चिकटवून सांधे वळवा. फटी लांबीनं भरा. मनोरा छपराच्या कण्यावर नुसता ठेवू नका. आतून दोन रिपा खाली उतरवून छपराच्या वाशांना स्क्रूनं बांधा. वर निमुळती टोपी हवीच, नाहीतर मनोरा म्हणजे छपरात पाणी घालणारं नरसाळं होतं.

थर्माकोलचा मोह होईल. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि तसाही ऑइलपेंटचा हात पडला की तो विरघळतो.

मनोऱ्याला खिडक्या कापणार असाल तर एक माप पाळा, ते खेळघराच्या प्रत्येक भोकाला लागू आहे : साडेतीन इंचांहून लहान किंवा नऊ इंचांहून मोठं. मधल्या मापाच्या भोकात पोराचं अंग शिरतं आणि डोकं अडकतं.

प्रश्न : फ्लॅटला अंगण नाही, टेरेसवर फ्रिजच्या खोक्याचं घर केलं तर दिवाळीभर टिकेल?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : टिकेल, दवातून सांभाळलं तर. खोक्याच्या पुठ्ठ्यातल्या नागमोडी नळ्या उभ्या राहतील असाच खोका उभा करा. आडव्या राहिल्या तर भिंत दोन दिवसांत कंबरेत वाकते. तळाला दोन इंच उंचीपर्यंत रुंद ब्राउन टेप बाहेरून-आतून गुंडाळा आणि घर लाकडी पाटांवर ठेवा. रात्री जिन्यात आणा. रंग घट्ट, थोडा थोडा. पाणचट रंगानं पुठ्ठ्याचे थर सुटतात. आतल्या कोपऱ्यांत वाळूच्या चार पिशव्या ठेवा, टेरेसवरचा वारा हलकं खोकं सहज कठड्यापर्यंत नेतो, आणि पोरगं त्याच्यामागे धावतं. म्हणून घर कठड्यापासून दूर, जिन्याच्या भिंतीला लागून.

प्रश्न : खेळघरात शेणानं सारवलं तर चालेल? आजीचा आग्रह आहे.
— फुलेवाडी

उत्तर : जमीन मातीची असेल तर जरूर. प्लायची असेल तर नको, ओल धरते. आजींना दारासमोरचं अंगण सारवू द्या, रांगोळीही तिथंच खुलते.

प्रश्न : पावसाळाभर बंद होतं खेळघर. छपराखाली मातीची बोळकी चिकटलीत, एका कोपऱ्यात माशा घोंघावतायत. शेजारी म्हणतात, साप असेल. साफ कसं करायचं?
— एक वाचक, कळंबा

उत्तर : मातीची बोळकी कुंभारीण माशीची. तोंडाशी भोक पडलेलं असेल तर पिल्लू उडून गेलंय, पट्टीनं खरवडा. ती सहसा डसत नाही. कागदासारखं करडं, षटकोनी खणांचं पोळं असेल तर ती गांधीलमाशी, तिच्या वाटेला स्वतः जाऊ नका. मशाल लावून पोळं जाळणं हा आपल्याकडचा लाडका उपाय, पण प्लायच्या घरात तो घरासकट पोळं जाळतो. जाणत्याला बोलवा.

सापासाठी : भर दुपारी, लांब काठीनं दार ढकला, दहा मिनिटं थांबा. आत उतरण्याआधी काठीनं भिंती ठोका, खेळण्यांची टोपली काठीनंच बाहेर ओढा. विटांवर घर असेल तर खाली बॅटरी मारून बघा. साप दिसला तर दार ओढून घ्या, मागे सरका आणि वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. त्या सापाला तिथं आणलं उंदरानं, आणि उंदराला आणलं भातुकलीतल्या चुरमुऱ्यांनी. फराळाचे डबे खेळून झाले की रोज घरात आणायचे, आणि दाराखालची फट अर्ध्या इंचाच्या आत आणायची. तळाला रबराची पट्टी मारली की झालं.